स्वयंपाकघराचे रंग : फॅशन कोठे लावावी आणि पैसा कोठे अडकवावा



व्यापार-उद्योगाच्या पानावर स्वयंपाकघराच्या रंगांचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु थोडा हिसाब करून पाहा. एका घरी स्वयंपाकघराचे काम निघाले की रंगारी, गवंडी, टाइल्स बसविणारा, सुतार, सनमायकाचा दुकानदार, दिव्यांचा मिस्त्री, परदे शिवणारा आणि आमच्यासारखा कापडवाला अशा सात-आठ जणांची रोजी त्यावर निघते. यातील पुष्कळ हुनर आपल्या कारागीर बांधवांच्या हातात आहेत. तरीही गिऱ्हाईक जेव्हा विचारते, "आजकाल कोणता रंग चालतो?" तेव्हा आपल्यातील बहुतेक जण शेडकार्ड पुढे करून मोकळे होतात. निवड गिऱ्हाइकाची, पैसा गिऱ्हाइकाचा, आपले काय जाते, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा आहे, हे आम्ही स्वतः ठेच लागल्यावर शिकलो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे आमच्या दुकानी आले. नवे घर, हप्त्यांवर केलेले नवे स्वयंपाकघर. कपाटांची सर्व शटर चकचकीत जांभळी, ओट्यामागील टाइल्सही जांभळ्या फुलांच्या. त्यावर त्यांना जांभळेच परदे हवे होते. आम्हाला मनातून वाटले की हे फार होते आहे. पण गिऱ्हाईक तयार आहे, माल दुकानात आहे, मग बोलावे कशाला? आम्ही कापड मोजले आणि पैसे घेतले. दोन वर्षांनी तीच मुलगी एकटी आली. म्हणाली, "चाचा, त्या खोलीत उभे राहवत नाही. सगळे काढून टाकावेसे वाटते, पण हप्ते अजून संपलेले नाहीत. तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिचे काम पुढे कसे निभावले ते या लेखात येईलच. परंतु त्या दिवसापासून आम्ही रंगाच्या बाबतीत गप्प राहणे सोडले.

सूत्र एकच आहे आणि ते लक्षात ठेवण्यास सोपे आहे. जी वस्तू लवकर झिजते तिच्यावर फॅशनचा रंग घ्यावा. जी वस्तू वर्षानुवर्षे टिकते तिच्यावर सदाबहार रंग ठेवावा. बाकी सर्व चर्चा या सूत्राचा खुलासा आहे.

फॅशनचा रंग येतो कोठून?

रंगाची फॅशन आपोआप उगवत नाही; तिच्यामागे व्यापार असतो. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने प्रयोगशाळेत फिकट जांभळा कृत्रिम रंग तयार केला. 'मॉव्ह' नावाने तो प्रसिद्ध झाला. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या मुलीच्या विवाहात या छटेचा पोशाख घातला आणि या रंगाची मागणी खूप वाढली. पण लगेच, १८५९ साली, मॅजेंटा हा नवा कृत्रिम रंग बाजारात आला आणि लोकांचे डोळे तिकडे वळले. कारखान्यातून नवा रंग निघाला की जुना मागे पडतो, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारी रंगपत्रके अमेरिकेतील गिरण्यांना मिळेनाशी झाली. तेव्हा १९१५ साली न्यूयॉर्क येथे कापड-व्यवसायाची रंगपत्रक संघटना उभी राहिली. हंगाम येण्यापूर्वीच पुढील रंग ठरवून ती पत्रके गिरणीवाल्यांना व दुकानदारांना देत असे. सूत, फीत, टोपी, मोजे या सर्वांचे रंग जुळावेत हा तिचा हेतू. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे रंगाचा अंदाज बांधणे हा एक पद्धतशीर धंदा आहे.

आजच्या काळात पॅन्टोन ही अमेरिकी कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २००० सालासाठी पहिला रंग आकाशी निळा होता. अलीकडची यादी पाहा. २०२१ साली करडा व पिवळा अशी जोडी, २०२२ साली निळसर जांभळा, २०२३ साली लालसर मॅजेंटा, २०२४ साली पीच, २०२५ साली कॉफीसारखा तपकिरी. पाच वर्षांत पाच दिशा! ओढणी, उशीचा अभ्रा किंवा चहाचा कप यांना ही गती झेपते. ग्रॅनाइटचा ओटा दरवर्षी फोडता येईल काय?

अमेरिकेतील स्वयंपाकघरांचा धडा

ही चूक पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात फिकट गुलाबी, फिरोजी व पिवळ्या रंगांची स्वयंपाकघरे निघाली. फ्रीज, शेगडी, भांडी धुण्याची कुंडी हे सर्व त्याच रंगाचे मिळू लागले. त्यानंतर १९६० च्या दशकाची अखेर आणि १९७० चे दशक या काळात दोन रंगांनी घरे व्यापली. एक अवोकॅडो फळासारखा मळकट हिरवा आणि दुसरा पिकलेल्या धान्यासारखा सोनेरी पिवळा. १९८० च्या दशकात त्यांची जागा बदामी व पांढऱ्याने घेतली. पुढे स्टीलचा जमाना आला.

आता विचार करा. फ्रीज आणि शेगडी चांगल्या असल्या तर पंधरा-वीस वर्षे चालतात. फॅशन मात्र त्याआधीच निघून गेली. यंत्र धडधाकट, पण दिसायला जुनाट, अशा स्थितीत असंख्य कुटुंबे अडकली. एक वस्तू बदलावी तर ती दुसरीशी जुळत नाही, आणि सर्व बदलावे तर खर्च मोठा. अमेरिकेत तो हिरवा रंग आजही जुन्या फॅशनचा नमुना म्हणून थट्टेने आठवला जातो. दोष रंगाचा नव्हता. तो महागड्या आणि टिकाऊ वस्तूंवर चढविला गेला, ही चूक होती.

याउलट दुसरे उदाहरण जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराचे आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्झ्की या वास्तुविशारद महिलेने कामगार वस्तीसाठी एक लहान स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी ३.४ मीटर. शहरात अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविण्यात आली. त्यातील कपाटांना निळसर हिरवा रंग दिला होता, कारण माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत असा त्या काळी समज होता. पिठाचा खण ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाने अळी दूर राहते अशी धारणा. हे समज कितपत खरे होते हा प्रश्न निराळा. घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या बाईंनी रंग निवडताना आधी विचारले, "या खोलीत काम काय चालते?" आपणही तेथूनच सुरुवात करावी.

वस्तूच्या आयुष्याचा हिसाब

गिऱ्हाइकासमोर कागद घेऊन स्वयंपाकघरातील वस्तू त्यांच्या आयुष्याप्रमाणे लिहाव्यात. आमच्या तजुर्ब्याप्रमाणे साधारण क्रम असा लागतो.

(१) ओट्याचा दगड, फरशी आणि ओट्यामागील टाइल्स, ज्याला गवंडी डॅडो म्हणतात : वीस वर्षे किंवा अधिक. बदलायचे म्हणजे तोडफोड, धूळ आणि आठ-पंधरा दिवस चूल बंद.

(२) कपाटांची शटर व त्यावरील सनमायका : दहा-बारा वर्षे. एखादे शटर बिघडले तर त्याच रंगाचा पत्रा मिळेलच याची खात्री नसते, कारण कंपन्यांची नमुन्यांची पुस्तके बदलत राहतात.

(३) भिंतीचा रंग : चार-पाच वर्षे. स्वयंपाकघरात धूर व वाफ असल्याने त्याहून कमीही.

(४) परदे, टेबलावरील कापड, खुर्चीच्या गाद्या : दोन-तीन वर्षे.

(५) हातपुसणी, फडकी, मसोते, भांडी धरण्याचे हातमोजे, डबे व बरण्या, खणातील कागद : सहा महिने ते दोन वर्षे.

या यादीत वरून खाली जाताना रंग धीट होत जावा. पहिल्या दोन ओळींत पांढरा, मलईचा, गव्हाळ, फिकट करडा, लाकडी, काळा किंवा दगडाचा मूळ रंग असावा. हे रंग कधी फार गाजत नाहीत, म्हणून फारसे पडतही नाहीत. तिसऱ्या ओळीत गिऱ्हाइकाच्या आवडीचा सौम्य रंग चालेल. चौथ्या आणि पाचव्या ओळीत फॅशनला मोकळीक द्यावी. यंदा पीच तर पीच, पुढल्या वर्षी हिरवा तर हिरवा. दोन परदे आणि सहा फडकी बदलली की खोली नवी दिसते आणि खिशाला कळतही नाही.

साठ, तीस, दहा

घर सजविणारे लोक एक जुना हिसाब वापरतात. खोलीत जो रंग डोळ्यांना दिसतो, त्याचे शंभर भाग धरावेत. त्यातील साठ भाग मुख्य रंगाचे, तीस भाग जोडीच्या रंगाचे आणि दहा भाग उठावाच्या रंगाचे. स्वयंपाकघरात भिंत, टाइल्स व फरशी हे साठ. कपाटे व ओटा हे तीस. आणि कापड, बरण्या, एखादी फळी हे दहा. फॅशनचा रंग या दहात बसवावा. जास्तीत जास्त एका भिंतीपर्यंत न्यावा, पण कपाटांवर चढवू नये.

तीन नेहमीची उदाहरणे घेऊ.

पहिले, जुन्या भाड्याच्या घरातील स्वयंपाकघर. काळ्या कडप्प्याचा ओटा, वर पांढऱ्या टाइल्सच्या दोन-तीन ओळी, एकच खिडकी. येथे तोडफोड करण्याचा प्रश्नच नाही. काळे-पांढरे हे फॅशनच्या बाहेरचे आहे, ते तसेच ठेवावे. भिंतीला मलईचा रंग द्यावा आणि खिडकीस चालू फॅशनच्या रंगाच्या चौकड्यांचा परदा लावावा. त्याच रंगाची दोन-चार हातपुसणी टांगली की जोडणी पुरी झाली.

दुसरे, नव्या इमारतीतील लहान स्वयंपाकघर. बिल्डरने करड्या टाइल्स व काळा ग्रॅनाइट बसवून दिला आहे. करड्यावर आणखी करडे कपाट घातले तर दिवसाही ढगाळ वाटते. येथे शटर लाकडी छटेचे किंवा मलईचे घ्यावे म्हणजे ऊब येते. उठावासाठी मोहरीचा पिवळा, विटकरी किंवा फिकट हिरवा, यातील एकच.

तिसरे, अंधारी, एका बाजूने बंद खोली. येथे गडद रंग टाळावा. छत पांढरे ठेवावे, कारण छतावरून उजेड खाली परततो. भिंतीला थोडी चमक असलेला धुता येण्याजोगा रंग द्यावा. फार चकचकीत रंगात मात्र भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो. म्हणून अर्धचमक पुरे.

आता त्या जांभळ्या स्वयंपाकघराचे. आम्ही त्या मुलीला म्हणालो, "बेटी, काही तोडू नकोस. जांभळ्याचा आवाज कमी करू या." जांभळे परदे काढून जाड, विणलेले, गव्हाळ रंगाचे परदे दिले. भिंत मलईच्या रंगाने रंगविण्यास सांगितले. फुलांच्या टाइल्समध्ये फिकट हिरवे पान होते. तो हिरवा उचलून हातपुसणी व टेबलाचे कापड त्या रंगाचे केले. वरच्या कपाटांपैकी दोन शटर सुताराकडून काढून तेथे उघड्या फळ्या ठेवल्या. जांभळा रंग गेला नाही, परंतु शंभरातील सत्तरावरून तीस-पस्तीसवर आला. खर्च पूर्ण शटर बदलण्याच्या मानाने फारच थोडा झाला. भडक रंग पुसता येत नसेल तर त्याच्याभोवती शांत रंग वाढवावेत, हा धडा रंगारी व सुतार बांधवांनी जरूर लक्षात ठेवावा.

उजेड बदलला की रंग बदलतो

आमच्या धंद्यातील सर्वांत जास्त भांडणे या एका कारणाने होतात. "चाचा, तुम्ही दाखविलात तो रंग हा नव्हे," असे म्हणून गिऱ्हाईक कापड परत आणते. कापड तेच असते. दिवा बदललेला असतो. दुकानात पांढऱ्या उजेडाचे दिवे, घरी पिवळसर. पांढऱ्या थंड उजेडाच्या एलईडी दिव्यावर साधारण ६५०० आणि पिवळसर उजेडाच्या दिव्यावर २७०० किंवा ३००० हा आकडा छापलेला असतो. पिवळसर उजेडात लाल, केशरी, तपकिरी रंग खुलतात आणि निळे व जांभळे रंग मळतात. थंड उजेडात याच्या उलट होते.

दुसरी भानगड याहून सूक्ष्म आहे. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेली दोन कापडे एका दिव्याखाली अगदी सारखी दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळी पडतात. म्हणूनच निर्यातीचे कारखाने रंग तपासण्यासाठी निरनिराळे दिवे असलेली पेटी वापरतात. लहान दुकानदाराला अशी पेटी परवडत नाही. आम्ही गल्ल्याजवळ एक पिवळसर दिवा वेगळ्या बटणावर बसविला आणि तिसरा उजेड म्हणून दुकानाबाहेरचा ओटा धरला. कापड तिन्ही ठिकाणी दाखवितो. परत येणारा माल त्यामुळे बराच कमी झाला.

रंगाऱ्यांनी शेडकार्डच्या इंचभर तुकड्यावर भरवसा ठेवू नये. मोठ्या भिंतीवर तोच रंग अधिक गडद व अधिक भडक भासतो. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देऊन तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून ओट्याजवळ उभा करावा. गिऱ्हाइकाने एक दिवस थांबून होकार दिला तर ते काम पुन्हा करावे लागत नाही.

हळद, तेल आणि साबण

परदेशी चित्रातील स्वयंपाकघरात फोडणी पडत नाही. आपल्याकडे पडते. म्हणून चित्रातील रंग जसाच्या तसा उचलण्यापूर्वी हळदीचा विचार करावा. हळदीतील पिवळे द्रव्य साबण, सोडा अशा अल्कधर्मी पदार्थाला लागले की लालसर होते. म्हणून धुतल्यावर डाग वाढल्यासारखा वाटतो. पुन्हा धुऊन ओले कापड उन्हात वाळविल्यास ते द्रव्य उडते आणि डाग फिका होतो. पांढऱ्या फडक्याला हा उपाय चालतो. कच्च्या रंगाच्या फडक्याला उन्हात ठेवले तर डागाबरोबर रंगही उतरतो.

शेगडीच्या मागे व बाजूला पांढऱ्या रंगाची भिंत ठेवू नये. तेथे टाइल्सच हव्यात. पांढऱ्या टाइल्स असल्या तरी त्यांतील सांधे पांढरे नकोत, फिकट करड्या भरणीचे घ्यावेत. टाइल्स चांगल्या राहतात, पण पिवळे पडलेले सांधे सारे स्वयंपाकघर जुने करून टाकतात. गडद चकचकीत शटरवर तेलकट बोटे उठून दिसतात; मध्यम छटेच्या, बारीक पोताच्या पत्र्यावर दिसत नाहीत. या खोलीत दिवसातले चार-पाच तास जिचे जातात तिला हे सर्व ठाऊक असते. म्हणून पैसे देणारा पुरुष असला तरी रंगाचा होकार घरातील बाईमाणसाकडूनच घ्यावा.

कापडाची पारख

स्वयंपाकघराचे कापड पाणी, साबण, ऊन व उष्णता सोसते. सुती कापडावर स्वस्त डायरेक्ट रंग असेल तर तो पहिल्या धुण्यापासून सुटू लागतो. रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी जोडला जातो, म्हणून धुण्यास पक्का असतो. मात्र क्लोरिनचे ब्लीच त्याला मानवत नाही. व्हॅट रंग सर्वांत टिकाऊ, पण महाग. केवळ वर बसविलेल्या पिगमेंटच्या छपाईचा रंग घासल्याने जातो.

दुकानातच करता येतील अशा दोन परीक्षा आहेत. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा दाबून घासावा. रुमाल रंगला तर तो माल हातपुसण्यासाठी घेऊ नये. दुसरी, कापडाची पट्टी पांढऱ्या कापडाला टाचून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी व वाळवून पाहावी. प्रयोगशाळेत धुण्याचा पक्केपणा १ ते ५ आणि उजेडाचा पक्केपणा १ ते ८ अशा श्रेणीत मोजतात. आकडा जितका मोठा तितका रंग पक्का. घाऊक खरेदीत हा आकडा विचारण्यास संकोच करू नये. सोलापूरचे टॉवेल असोत किंवा तामिळनाडूतील करूरचे स्वयंपाकघराचे कापड असो, निर्यात करणाऱ्या कारखान्यांना हा प्रश्न नवा नाही.

एका खोलीचे परदे एकाच रंगाईच्या ताग्यातून द्यावेत. टाइल्सच्या खोक्यावर छटेचा व बॅचचा क्रमांक असतो, तो सर्व खोक्यांवर सारखा आहे की नाही ते पाहावे. तुटफुटीसाठी सुमारे दहा टक्के टाइल्स जास्त घेऊन ठेवाव्यात. पुढे तीच छटा मिळत नाही.

रंगात काय आहे, हेही पाहावे

भडक पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा रंग मिळविण्यासाठी पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसेयुक्त द्रव्ये वापरीत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम लागू झाला. म्हणून जुने पडलेले डबे स्वस्तात मिळाले तरी स्वयंपाकघरात वापरू नयेत. जुना ऑइल पेंट खरवडताना कोरडा घासू नये, ओला करून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे. यात रंगारी बांधवांच्या स्वतःच्या छातीचीही काळजी आहे. कापडाच्या बाबतीतही काही अॅझो रंगांपासून घातक द्रव्ये सुटतात असे आढळल्याने जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदीचा कायदा केला, आणि १९९७ साली भारत सरकारने ७० अॅझो रंगांवर बंदी घातली. रोटी गुंडाळण्याच्या फडक्याचा रंग फॅशनचा आहे एवढे पुरत नाही. तो निर्धोक आहे की नाही हे विकणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

दुकानातही साठ, तीस, दहा

आता आमच्या स्वतःच्या नुकसानीचा हिसाब. २०२१ साली करड्या-पिवळ्या जोडीचा बोलबाला झाला. आम्ही घाई केली. परद्याच्या व टेबलाच्या कापडातील निम्म्याहून अधिक भांडवल त्या दोन रंगांत घातले. पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात गिऱ्हाईक फिकट हिरवा, माती आणि मलईचे रंग मागू लागले. उरलेला माल आम्ही खरेदीच्या निम्म्या भावाने कटपीसवाल्यास दिला. त्या वर्षी घाऊक व्यापाऱ्याची उधारी फेडताना फार ओढाताण झाली.

तेव्हा घराचा हिसाब दुकानालाही लागू आहे असे ध्यानात आले. समजा, शंभर तागे भरायचे आहेत. साठ तागे सदाबहार रंगांचे, तीस तागे मध्यम चालीचे आणि दहा तागे नव्या फॅशनचे घ्यावेत. नवा रंग पडला आणि दहाही तागे निम्म्या भावात गेले तर नुकसान पाच ताग्यांच्या किमतीचे. तेच साठ तागे फॅशनचे घेतले असते तर नुकसान तीस ताग्यांचे, म्हणजे दुकान हलविणारे. नवा रंग चालला तर पुन्हा दहा मागवावेत. दोनदा वाहतूक पडली तरी चालेल. सनमायका, टाइल्स व रंगाचे दुकान असणाऱ्यांनाही हा हिसाब बसतो.

गिऱ्हाइकास विचारावयाचे प्रश्न

काम घेण्यापूर्वी किंवा माल दाखविण्यापूर्वी पुढील सहा प्रश्न विचारावेत.

घर स्वतःचे की भाड्याचे? या खोलीत किती वर्षे काही तोडायचे नाही? ओटा, फरशी व टाइल्स यांचा सध्याचा रंग कोणता? दिवसा ऊन येते काय आणि रात्री दिवा पांढरा की पिवळसर? रोज किती माणसांचा स्वयंपाक होतो? आणि सर्वांत शेवटी, कोणता रंग मनात आहे?

शेवटचा प्रश्न आपण नेहमी पहिल्यांदा विचारतो, तेथेच चूक होते. पहिल्या पाच उत्तरांनंतर सहाव्याचे उत्तर बहुतेक वेळा गिऱ्हाईक स्वतःच बदलते.

असा सल्ला दिल्याने विक्री कमी होईल, अशी भीती काहींना वाटेल. त्या दिवसापुरती ती खरी आहे. जांभळे परदे विकून आम्ही एकदा नफा घेतला. गव्हाळ परदे दिल्यानंतर मात्र ती मुलगी दर वर्षा-दीड वर्षाने हातपुसणी व टेबलाचे कापड बदलण्यास येते आणि येताना शेजारणीलाही आणते. ओट्यावर चढलेला रंग गिऱ्हाइकाला वीस वर्षे बांधून ठेवतो. फडक्यावरचा रंग त्याला पुन्हा आपल्या दुकानी आणतो. जे माहीत आहे ते वेळेवर सांगणे हाही धंद्याचा भाग आहे, आणि बरकत त्यातच आहे.